दहा सिटिंगचं पॅकेज घेण्याआधी: पुण्यातल्या कंबरदुखीच्या फिजिओथेरपीचा आढावा

कोथरूड असो, हडपसर असो की पिंपळे सौदागर, कंबर धरून फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गेलं की बऱ्याच ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी शेक, मग आयएफटी (पॅड लावून दिलेला हलका विद्युतप्रवाह), त्यावर अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक), कुठे कुठे ट्रॅक्शन (यंत्राने कंबर ताणणं) आणि निघताना व्यायामांचा झेरॉक्स कागद. या सेवेत पैसे वसूल होतात, पण ते तपासणीत आणि व्यायाम करून घेण्यात. मशीन लावून पडून राहण्यात फारसे नाहीत.

मशीन खोटी नाहीत. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या 'गेट' सिद्धांतानुसार स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू उत्तेजित झाले की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडतात. टेन्स (हेही पॅडमधून विद्युतप्रवाह देणारं मशीन) ८० ते १२० हर्ट्झवर लावल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या याच तंतूंच्या. मात्र पॅड काढले की आराम थोड्याच वेळात ओसरतो. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना व्यायाम आणि समजावून सांगण्याच्या बाजूने आहेत. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कंबरेचा पट्टा यांची शिफारस त्या करत नाहीत. व्यायाम करता यावा म्हणून आधी दहा मिनिटं आयएफटी लावली तर ठीक. सगळी सिटिंग त्यातच गेली तर पैसे वाया.

पहिल्या भेटीची पारख सोपी आहे: बूट-मोजे काढायला लावले का? पायाचा अंगठा वर धरायला सांगून तो खाली दाबून पाहिला की एल-५ नसेची ताकद कळते (एल म्हणजे कमरेच्या, एस म्हणजे त्याखालच्या माकडहाडाजवळच्या भागातून निघणाऱ्या नसा). एका पायावर टाच उचलता येत नसेल तर एस-१ चा संशय. गुडघ्याच्या रिफ्लेक्सवरून (हातोडीने ठोकल्यावर येणाऱ्या झटक्यावरून) एल-४ समजते, घोट्याच्या रिफ्लेक्सवरून एस-१. उताणं झोपवून सरळ पाय उचलताना ३० ते ७० अंशांच्या दरम्यान नेहमीची कळ पायात खाली गेली तर नस चिडलेली असण्याची शक्यता मोठी. मांडीमागे नुसता ताण येणं वेगळं. मग पालथं झोपवून हातांवर छाती उचलायला लावतात, साधारण दहा वेळा. पायातली कळ वर कमरेकडे सरकली तर चांगलं, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ पोटरीकडे उतरली तर तिथेच थांबायचं. एवढं न पाहता थेट मशीन लावणारं क्लिनिक आमच्या मते नापास.

व्यायामांचं महत्त्व नुसत्या ताकदीपुरतं नाही. कंबर दुखू लागली की मणक्याला चिकटून असलेला मल्टिफिडस हा स्नायू बारीक होतो आणि दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येत नाही. पोटाचा खोल स्नायू हात उचलण्याच्या आधीच आवळला जायला हवा, कंबरदुखीत तो उशिरा आवळतो. मेंदूतला त्याचा नकाशाही (त्याला चालवणारी जागा) बदललेला आढळतो आणि नेमक्या सरावाने तो पुन्हा सुधारतो. म्हणून बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं राहून एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे नेणं) करताना नुसते आकडे मोजून भागत नाही. पाठीवर आडवी काठी ठेवावी. पाय मागे नेताना ती एका बाजूला कलली की कंबर वळतेय. दर वेळी दहा सेकंद धरणं आणि आधी सहा वेळा, मग चार, मग दोन असे उतरते सेट पुरे.

सायटिकामध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे पायाचे अंगठे धरून मांडीमागचा स्नायू ताणत बसणं. त्याने चिडलेली नस आणखी ताणली जाते आणि संध्याकाळी कळ वाढते. त्याऐवजी नस सरकवावी: खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, वाकवताना मान खाली, न थांबता, दहा वेळा. व्यायामाने वाढलेलं दुखणं २४ तासांत मूळ पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशीही जास्तच असेल तर मात्रा निम्मी करावी. सकाळी उठल्यावर डिस्क (मणक्यांमधल्या गाद्या) पाण्याने फुगलेल्या असतात, तेव्हा पहिला तासभर खोल वाकू नये.

तीन महिन्यांहून जुनं दुखणं असेल तर मज्जासंस्थाच हळवी झालेली असू शकते. इथे थेरपिस्टचे शब्दही औषधासारखे लागू पडतात किंवा बाधतात. 'गॅप आलाय, आता वाकायचंच नाही' हे ऐकून माणूस घाबरतो, हालचाल टाळतो आणि दुखणं वाढतं. कंबर अजिबात दुखत नसलेल्यांच्या स्कॅनचा २०१५ मध्ये एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांतही डिस्कची झीज दिसली होती. चांगला थेरपिस्ट रिपोर्ट वाचून हे सांगतो आणि विचारतो की तुम्हाला काय करायचंय: हिंजवडीच्या बसमध्ये दीड तास बसायचंय की सिंहगड चढायचाय? मग त्याच कामाच्या दिशेने पायरीपायरीने भार वाढवतो.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं एक जरी असेल तर सिटिंग नको, थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग, रात्र असो की रविवार. हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले गेले नाहीत, तर पॅकेजचे पैसे भरू नयेत.