कंपनी विकावी की डेटा लायसन्सवर द्यावा?

महापे एमआयडीसीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. कळंबोली-उरण पट्ट्यातल्या वाहतूकदारांच्या गाड्या आम्ही ट्रॅक करतो: कंटेनर न्हावा-शेव्याच्या गेटवर किती तास अडकला, यार्डात किती वेळ उभा राहिला, वगैरे. दोन वर्षांपूर्वी एक बडी कंपनी दारात आली आणि दोन वाटा समोर ठेवल्या. एक तर अख्खी कंपनी विका, नाहीतर नोंदी ठरावीक मुदतीसाठी लायसन्सवर द्या. सध्या ओळखीतले दोघे याच पेचात आहेत, म्हणून लिहायला घेतलं.

पैशाला विक्री उजवी, त्यात वादच नाही. रक्कम एकहाती मिळते, पोरांच्या पगाराची काळजी मिटते. लायसन्स म्हणजे दरवर्षी पुढचा करार होईल ना, ही धाकधूक. आमच्या सीएंनी तर तासाभरात विक्रीच्या बाजूने कौल दिला होता.

पण लायसन्सवर काम भागत असताना त्यांना विकत कशाला घ्यायचं असतं? लायसन्सवर दिलेला डेटा उद्या त्यांच्या स्पर्धकालाही देता येतो, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: गेलेला काळ नव्याने गोळा करता येत नाही. त्यांनी उद्या हजार गाड्यांना जीपीएस लावलं, तरी मागच्या तीन पावसाळ्यांत उरण रस्ता कुठे कुठे तुंबला होता, ते त्यांना कसं कळणार? गूगलने २०१३ मध्ये वेझ हे रस्ता दाखवणारं ॲप घेतलं, तेव्हा रस्त्यावरची कोंडी तिथे चालकच कळवत होते. ठाण्याच्या फलाटावरही अनेकांच्या फोनमध्ये असणारं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ २०१८ मध्ये गूगलकडेच गेलं. हेतू त्यांचे त्यांना ठाऊक. पण अशा ॲपची किंमत त्याच्या स्क्रीनमध्ये नसते, एवढं मला आता कळलंय. उलट रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २०२४ मध्ये गूगलला मजकूर लायसन्सवर दिला. वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर, अशा बातम्या होत्या. म्हणजे हीही वाट चालती आहे, फक्त आपण रेडिट नाही.

माझं मन फिरलं ते ड्यू डिलिजन्सच्या, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीच्या यादीमुळे. आमच्या ॲपबद्दल तिच्यात जेमतेम एक ओळ, बाकी चार पानं कच्च्या नोंदींची. ट्रिप संपल्यावरही ड्रायव्हरचा फोन चालू राहायचा, त्या नोंदी आम्ही रोज पुसायचो. त्यांनी विचारलं, ‘बॅकअपमध्ये असतील का?’ मी नाही म्हटलं. आठवड्याने तोच प्रश्न दुसऱ्या माणसाकडून, मग त्यांच्या वकिलाकडून. असे सात मेल आले. शेवटी कंटाळून मीच बॅकअपमधली एक जुनी फाइल उघडून पाहिली. दर रविवारी पेणच्या पुढे एका वाडीत जाऊन थांबणारा ठिपका दिसला. तो कुणाचा, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं; त्याची सासुरवाडी तिथलीच. त्याने फोन दिला होता भाड्याच्या हिशेबासाठी.

‘आम्ही गैरवापर करणार नाही’ असं ते म्हणालेही, आणि कदाचित मनापासून म्हणाले असतील. पण व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुककडे गेलं आणि २०१६ मध्ये माहिती फेसबुकला देण्याच्या अटी आल्या. दोन्हीकडची खाती जोडता येण्याबाबत व्यवहाराच्या वेळी दिशाभूल करणारी माहिती दिली, म्हणून युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड ठोकला. दंड झाला, खाती काही परत आली नाहीत. आपल्याकडचा २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही संमती ज्या कामासाठी घेतली त्यापुरतीच धरतो, पण कंपनी एकदा विकली की ते काम कुठलं, हे ठरवताना आपण त्या खोलीत नसतो.

लायसन्समध्ये निदान कात्री आपल्या हातात राहते. आम्ही ड्रायव्हरचे नंबर काढतो, ट्रिपबाहेरचं सगळं उडवतो, मगच फाइल पाठवतो. पैसे बरेच कमी मिळाले, हे लपवत नाही. तुमच्याकडे शीतगृहाचं तापमान किंवा मीटरचं रीडिंग असेल, तर बहुधा मीही विकूनच टाकलं असतं. माणसांची ये-जा असेल तर मात्र जरा थांबा, असं मला वाटतं.

आमचा करार मार्चमध्ये संपतोय. नवा मसुदा परवा आला. बॅकअपचं कलम पुन्हा आहेच, या खेपेला परिशिष्टात.