जुन्या गाडीचं ऑइल गळतंय : इंजिन एकदाच खोलावं, की एकेक गळती धरावी?

जुनी मोटारसायकल गॅरेजमध्ये उभी केली, मिस्त्रीने खाली वाकून इंजिनावरून बोट फिरवलं आणि बोट काळं झालं, की पुढचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "खोलूनच टाकू इंजिन, एकदाच काय ते होऊन जाईल." हे वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. २०१७च्या दिवाळीनंतर मी स्वतःच त्याला होकार दिला होता. त्यानंतर मात्र मी दुसऱ्या वाटेने चाललो आहे : एका वेळी एक गळती. आज ज्यांच्या पार्किंगच्या फरशीवर काळा ठिपका दिसायला लागलाय, त्यांच्यासाठी दोन्ही वाटा मांडतो.

माझी गाडी वडिलांची. १९९९ची, शंभर सीसीची चार-स्ट्रोक, एमएच-१५ म्हणजे नाशिकची. पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत तिची नोंदणी पुन्हा करून घेतली, तेव्हापासून दर पाच वर्षांनी करतो. गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, आणि पुढचं सगळं त्या ठरलेल्या गोष्टीवर उभं आहे. दोन वर्षांत काढून टाकायची असेल तर हिशोब वेगळा. मी सातपूरला टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे पान्हे, फीलर गेज, सरफेस प्लेट हाताखालची. ज्यांना ही सवय नाही त्यांनी माझं मत थोडं कमी वजनाने घ्यावं.

आधी पहिल्या वाटेची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. इंजिन पूर्ण उतरवलं की सगळी पॅकिंग (जोडांमधले पातळ कागदी थर) आणि सगळी ऑइल सील (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्या) एकाच दिवशी नवी होतात. क्रँकची बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सील, कॅम चेन, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या या गोष्टी डोळ्यांखालून जातात. मजुरी एकदाच. काही दुखणी तर दुसऱ्या वाटेने बरी होतच नाहीत. ॲक्सिलरेटर देताना सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर संपलेत. सकाळी पहिल्या किकला धूर येऊन नंतर थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, तेवढ्यासाठी नुसतं हेड उतरवून भागतं. खालून घणघण आवाज येत असेल, गिअर आपोआप सुटत असेल, किंवा इंजिनाच्या दोन अर्ध्या भागांमधलं सेंटर पॅकिंगच पाझरत असेल, तर इंजिन दुभंगल्याशिवाय गत्यंतर नाही. यातलं एकही लक्षण असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, चांगला मिस्त्री शोधा.

माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. धूर नाही, आवाज नाही, ॲव्हरेजही नेहमीचं. फक्त रात्रभर उभी राहिली की साधारण रुपयाएवढा ठिपका. तरी मी एकदाच काय ते होऊन जाईल म्हणून इंजिन खोलायला दिलं. नऊ दिवसांनी गाडी धुऊनपुसून परत आली, पहिले तीन दिवस कोरडी राहिली. चौथ्या सकाळी ठिपका होता त्याच फरशीवर.

परत नेली. "नवीन पॅकिंग आहे, बसायला वेळ लागतो," असं उत्तर मिळालं आणि क्लच कव्हरच्या शिवणीवरून बाहेरून लाल सिलिकॉनचा हात फिरवला गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा ठिपका, पुन्हा सिलिकॉन, आता मॅग्नेट साइडला, म्हणजे इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या खेपेला हेडच्या खालच्या बाजूला. तोपर्यंत इंजिनाची एकही शिवण मोकळी राहिली नव्हती.

माझं मत इथे ठरलं. पैसे गेले त्याचं दुःख नव्हतं, गाडी नऊ दिवस अडकली त्याचंही नव्हतं. ऑइल कुठून येतंय हेच आता दिसेनासं झालं होतं, आणि ते मला सहन होईना. सिलिकॉनच्या पट्टीखाली ऑइल शिरतं, आतल्या आत वाट काढतं आणि चार इंच लांब दुसऱ्याच जागी बाहेर पडतं. आधी निदान शिवण तरी दिसत होती. शिवाय सगळं एकाच वेळी बदललेलं, म्हणजे नेमकं काय चुकलं हे विचारायची सोयच राहिली नाही. पॅकिंग नीट बसलं नाही? कव्हर वाकलंय? सील उलटं गेलं? बोल्ट कमी आवळला? कशावरही संशय घ्यावा आणि कशावरच घेता येऊ नये, अशी अवस्था.

दोन रविवार मी ते सिलिकॉन खरवडण्यात घालवले. जुन्या एटीएम कार्डाची कड आणि थिनर. हॅक्सॉचं पातं किंवा सुरी अजिबात नको, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उठला तर तीच पुढच्या गळतीची वाट. क्लच कव्हर उघडलं तेव्हा आतल्या ऑइलच्या जाळीवर लाल शेवयांसारखे तुकडे अडकलेले दिसले. शिवणीच्या आतल्या बाजूला जे सिलिकॉन दाबून बाहेर येतं ते कधी तरी सुटतं आणि ऑइलबरोबर फिरतं. जाळी तुंबली तर सगळ्यात आधी उपाशी राहतो तो वरचा कॅम, कारण ऑइल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. गळतीने इंजिन लगेच मरत नाही, ऑइल पाहत राहिलं तर वर्षानुवर्षं चालतं. गळती बंद करायला लावलेल्या सिलिकॉनने मात्र ते मरू शकतं. काही इंजिनांत कागदी पॅकिंग नसतंच, तिथे कंपनीच पातळ थर सांगते, तो वेगळा विषय. कागदी पॅकिंगच्या जागी माझा अनुभव असा, की दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट असतील तर कोरडं पॅकिंगही पुरतं.

आणि मूळ कारण? ब्रीदर पाइप. इंजिनातला दाब बाहेर सोडणारी ती बोटभर जाडीची नळी, माझ्या गाडीत वरून निघून मागे खाली उतरते. तिच्या टोकाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, आत ती माती कडक झाली होती. दाबाला वाट मिळेना, म्हणून तो जिथे कमजोर जागा सापडेल तिथून ऑइल ढकलत होता. एक शिवण बंद केली की दुसरी. तारेने माती काढली, नळी रॉकेलने धुतली आणि निम्मी गळती त्याच दिवशी थांबली. इंजिन खोलताना ती नळी काढली गेली, तशीच परत बसवली गेली. सगळंच खोलायचं असलं की एखाद्या नळीकडे कोण निरखून पाहणार?

दुसरी वाट अशी आहे. सुरुवातीला काहीही खोलायचं नाही. ब्रीदर पाहायचा, आणि ऑइल जास्त भरलंय का तेही पाहायचं. पातळीच्या वर ऑइल गेलं तरी गाडी गळते आणि लोक सील बदलत बसतात. मग इंजिन रॉकेल किंवा डिझेलने ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि संशयाच्या सगळ्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. मी सातपूरहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला पाच-सहा किलोमीटर जाऊन येतो. परत आल्यावर पावडरीवर ओल्या रेघा दिसतात. वाऱ्याने ऑइल मागे आणि वजनाने खाली जातं, म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा खरी मानायची. खालचा थेंब नुसता पाहुणा असतो.

मी गळतीचे तीन प्रकार मानतो : घाम, थेंब आणि धार. घाम म्हणजे शिवणीवर नुसती ओल, तिला हात लावायची घाई नको. थेंबाला दुरुस्तीची तारीख द्यायची. धार लागली तर गाडी उभी करायची, विशेषतः ऑइल मागच्या टायरकडे जात असेल तर.

या वाटेचा जो फायदा मला आधी लक्षात आला नव्हता तो असा, की राहून गेलेला मेंटेनन्स आपोआप गळतीच्या मागे मागे होत जातो. टॅपेटच्या झाकणाचा ओ-रिंग कडक होऊन पाझरत होता. झाकणं काढलीच आहेत तर थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट) तपासले, माझ्या गाडीच्या पुस्तकात ०.०५ मिमी दिलंय. किती वर्षं ते कुणी पाहिले नव्हते कोण जाणे, एक्झॉस्टचा पार घट्ट झाला होता. पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील गळत होतं. ते बाहेरूनच निघतं, पण त्यासाठी चेन उतरवावी लागते, आणि चेन हातात आल्यावर ती किती ताणली गेलीय हे लपत नाही. सगळा चेन-स्प्रॉकेट सेट तेव्हाच गेला. त्या शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने बारीक खाच पाडली होती, म्हणून नवं सील मिलिमीटरभर आत बसवलं, ओठ कोऱ्या जागी यावा म्हणून. सीलच्या ओठाला ऑइल लावून, त्याच मापाच्या गोटीने (सॉकेटने) सरळ दाबायचं, स्प्रिंगची बाजू आत. क्लच कव्हरच्या निमित्ताने जाळी आणि सेंट्रिफ्युगल फिल्टर (फिरत्या जोराने ऑइलमधला गाळ वेगळा करणारा) साफ झाला. त्या फिल्टरमध्ये राखाडी चिखलाचा थर होता, आणि हे फुल इंजिन काम झाल्यानंतर, हे विशेष. मागचं चाक काढलं तेव्हा ब्रेक शू आणि स्विंग आर्मचे बुश पाहिले, टायरवरचा चार आकडी शिक्काही पाहिला, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसत होती, पण रबर नऊ वर्षांचं निघालं.

पेट्रोलच्या बाजूलाही आता लक्ष द्यावं लागतं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग यांच्यावर नजर ठेवलेली बरी. त्या काळी ते या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. मी ते सगळे एका सुटीत बदलून टाकले.

आता या वाटेची अडचण. वेळ. २०१८च्या मार्च ते ऑगस्टमध्ये माझे किती रविवार गेले ते घरच्यांना विचारावं लागेल. पावसाळ्यात उघड्या पार्किंगमध्ये कव्हर उघडता येत नाही. प्रत्येक वेळी थोडं ऑइल वाया जातं. आणि हात हलका नसेल तर नुकसानही होतं. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे असतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. मी एक आटा घालवला होता, तो अंबडच्या एका लेथवाल्याने हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) टाकून दिला. नाशिककरांना हे एक सुख आहे, सातपूर-अंबडला असलं छोटं काम हातात घेणारा कुणी ना कुणी सापडतोच. ज्याला रोज याच गाडीवर पहिल्या शिफ्टला पोचायचंय आणि घरी दुसरं वाहन नाही, त्याला नऊ दिवस एकदाच गाडी देणं सोयीचं वाटलं तर मी समजू शकतो.

तिसरा पर्याय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. एवढ्या जुन्या मॉडेलचा भाग तिथे असेलच असं नाही, असला तर पॅकिंग किट मात्र तिथूनच घ्यावं. बाजारातल्या काही पॅकिंगचा कागद हातानेच कळतो, बोटांत चिवट लागत नाही.

स्वतः खोलायचं नसेल तरी दुसरी वाट धरता येते. मिस्त्रीकडे जाताना "इंजिनाचं पाहा" असं न म्हणता "स्प्रॉकेटचं सील बदलायचंय, चेन उतरवल्यावर मला बोलवा" असं सांगायचं. मी नंतर नाशिकच्याच द्वारका चौकापलीकडे असे एक काका धरले, ते उघडलेला भाग दाखवल्याशिवाय बंद करत नाहीत आणि सिलिकॉन नको म्हटलं तर वाईट वाटून घेत नाहीत. असा माणूस मिळाला तर पहिल्या वाटेचीही मला आज भीती वाटणार नाही. पण तो मिळेपर्यंत, आणि धूर-आवाज नसेल तोपर्यंत, मी पूर्ण इंजिन खोलू देणार नाही.

ऑइल बदलाच्या वेळी मी वहीत तारीख, किलोमीटर आणि काय उघडलं ते लिहितो. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. ऑइल जासो एमए (मोटारसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो.

सध्याची नोंद एकच आहे. किकच्या शाफ्टच्या सीलला घाम येतोय. फरशी कोरडी आहे. ऑइल बदलायला अजून सहाशे किलोमीटर बाकी आहेत, ते सील आणून ठेवलंय, तेव्हाच बसवेन.