हार्मोनचं क्रीम की साधं जेल?

वहिनीची पाळी जाऊन चार वर्षं झाली. आता योनीत कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी दुखणं. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलंय, पण हार्मोन म्हटल्यावर ती बिचकली. दुकानातलं मॉइश्चरायझर जेल पुरे का, हा तिचा प्रश्न.

जेल ओलावा देतं, तो दोन-तीन दिवस टिकतो. पातळ झालेलं आतलं अस्तर मात्र तसंच राहतं. क्रीमने ते पुन्हा जाड आणि लवचिक होतं, योनीतली आम्लता परत येते, त्यामुळे सारखं होणारं लघवीचं इन्फेक्शनही कमी होतं. जेलला हे जमत नाही.

खटाटोप क्रीमचा जास्त. सहसा पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. क्रीम योनीत सोडायची नळी सांगितलेल्या खुणेपर्यंतच भरायची. जरा जास्त लावलं की लवकर गुण, असं होत नाही. चांगला फरक दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. संबंधाआधी वंगण म्हणून तर ते लावूच नये, जोडीदाराच्या त्वचेतून औषध शिरतं.

धोक्याचं म्हणाल तर कमी मात्रेत रक्तात फारच थोडं उतरतं. तोंडावाटे घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांची भीती इथे नको. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारायचं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर आधी तपासणी, मग क्रीम.

नुसता अधूनमधून कोरडेपणा असेल किंवा हार्मोन चालत नसेल, तर बिनवासाचं जेल. वहिनीला लघवीचं इन्फेक्शन सारखं होतं, तिने क्रीमच घ्यावं.