बर्गंडी की अल्सास? आधी सोबत कोण येतंय ते सांगा

मावसभावाचा फोन आला. "सप्टेंबरात आठ दिवस मोकळे आहेत. पॅरिस बघून झालंय. आता फ्रान्सच्या खेड्यांतून निवांत फिरायचं, खायचं, वाइन प्यायची. बर्गंडी करू की अल्सास?" मी विचारलं, "वहिनी येणार आहेत ना? त्या अंडं खातात का?" त्याला वाटलं मी विषय बदलतोय. पण अर्धा निर्णय त्या उत्तरातच असतो.

पोचायला दोन्ही सोपी. बर्गंडीसाठी पॅरिसहून वेगवान रेल्वेने दीड-पावणेदोन तासांत दिजाँ, तिथून साध्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत बोन. अल्सासला जायचं तर पावणेदोन तासांत स्ट्रासबुर्ग आणि पुढे अर्ध्या तासावर कोलमार. तेव्हा अंतराचा विचार सोडून द्या.

खरा फरक बाटलीवरच्या कागदात दिसतो. अल्सासची हिरवी, उंच बाटली द्राक्षाचं नाव सांगते: रिसलिंग, पिनो ग्री, गेवुर्त्सट्रामिनर. नाव वाचलं की चवीचा अंदाज येतो. नाशिकला शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ पिऊन ज्यांची वाइनशी ओळख झाली, त्यांना इथे परकं वाटत नाही. गेवुर्त्सट्रामिनरला तर लिची आणि गुलाबाचा असा सरळ वास येतो की कधीच वाइन न पिणारी माझी बायकोही पेला नाकाशी धरून बसली होती.

बर्गंडीची बाटली मात्र जमिनीचं नाव सांगते. द्राक्षं मुख्यतः दोनच, लाल वाइनला पिनो न्वार आणि पांढरीला शार्दोने. बाकी सगळा खेळ उताराचा. दिजाँपासून दक्षिणेला सांतनेपर्यंत साठेक किलोमीटरची एक चिंचोळी पट्टी आहे. रस्त्याच्या खालची सपाट जमीन साधी, चढाच्या मधला भाग सर्वांत मोलाचा, अगदी वर पुन्हा थोडी कमी. या नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांना तिथे 'क्लिमा' म्हणतात, आणि 2015 साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठांच्या जमिनी जप्त करून विकल्या गेल्या, पुढे नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला आणि तुकड्यांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हूजो हा दगडी भिंतीआडचा मळा जेमतेम पन्नास हेक्टरांचा, पण मालक ऐंशीच्या आसपास. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, तसंच. फरक एवढाच की तिथे प्रत्येकाची बाटली वेगळी.

बोनजवळच्या एका तळघरात मालकाने काचेच्या लांब नळीने पिंपातून थोडी वाइन काढून माझ्या पेल्यात सोडली, मग शेजारच्या पिंपातून. द्राक्ष तेच, वर्ष तेच, पिकवणारा माणूसही तोच. दोन मळ्यांच्या मध्ये फक्त एक बैलगाडीवाट. पहिली मऊ, दुसरी जिभेला धरणारी. त्याने बादलीत थुंकून दाखवलं, मीही थुंकलो, आणि जीव हळहळला. हे ज्याला रोमांचक वाटेल त्याने बर्गंडीलाच जावं. ज्याला वाटेल की "दोन्ही छानच होत्या की", त्याने तिथे पैसे घालू नयेत. तिथल्या नावाजलेल्या मळ्यांच्या बाटल्यांच्या किमती ऐकून नशा उतरते. शिवाय लहान उत्पादकांकडे आधी वेळ ठरवून जावं लागतं, आणि सप्टेंबरात तोडणी चालू असली तर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. अल्सासमध्ये दारावर पाटी असते, आत शिरायचं, चाखायचं.

आता ताट. मांसाहाऱ्याला बर्गंडी म्हणजे मेजवानी: लाल वाइनमध्ये तासन् तास शिजवलेलं गोमांस, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, अजमोदा घालून थिजवलेलं हॅम. गोमांस न खाणाऱ्याचं निम्मं मेन्यूकार्ड तिथेच बाद. शाकाहाऱ्याच्या वाट्याला गुजेर, म्हणजे चीज आणि अंडं घातलेले फुगीर गोळे (अंड्याचं म्हणूनच विचारलं), सॅलड आणि एप्वास. हे चीज मुरताना द्राक्षाच्या ब्रँडीने धुतात. चव अप्रतिम, पण हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये एक रात्र ठेवलं तर सकाळी खोली आपली राहत नाही. कडक शाकाहाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की अशा पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात.

अल्सासचं जेवणही सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचंच, पण तिथे तार्त फ्लाँबे आहे. पातळ लाटलेली पोळी, वर आंबटसर क्रीम आणि कांदा, कडा भट्टीत करपलेल्या. वर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, पण "सां लार्दों" म्हटलं की तुकड्यांशिवाय करून देतात. उकडलेल्या बटाट्यांबरोबर मन्स्टर चीज आणि शहाजिऱ्यासारखे दाणे आले, तेव्हा बायको म्हणाली, "जिरा-बटाट्यासाठी एवढ्या लांब आलो?" आणि दुसऱ्यांदा मागवून घेतले.

दोन्हीकडे एक सूचना सारखीच: जेवण बारा ते दोन. मी सव्वादोनला एका खानावळीत शिरलो, मालकीणबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. चर्चसमोरच्या बाकावर पाव-चीज खाऊन दिवस काढला. रविवारी रात्री आणि सोमवारी बरंच काही बंदच असतं.

फिरण्यात बर्गंडी वरचढ. बोन ते सांतने बावीसेक किलोमीटरची सायकलवाट मळ्यांतून, पोमार, मर्सो, पुलिनी-माँराशे अशी गावं घेत जाते. अल्सासचा वाइन-रस्ता 1953 पासूनचा, सुमारे 170 किलोमीटरचा. तिथे बहुधा कुणीतरी गाडी चालवायची, म्हणजे त्याने प्यायची नाही. देखणेपणात मात्र अल्सासला तोड नाही. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांत जिरेनियम, धुराड्यांवर करकोच्यांची घरटी. म्हणूनच तिथल्या रिकविर गावात दुपारी बसगाड्यांची जत्रा असते. संध्याकाळी पाचनंतर जा. बर्गंडीची खेडी बंद खिडक्यांची, गप्प. मला तीच आवडतात, पण चार माणसांच्या सहलीत माझी आवड चालत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगत असताना वहिनींनी फोन काढून घेतला. "अंडं खाते मी. पण त्या पोळीवरचं मांस नंतर उचलून टाकत नाहीत ना? आधीच घालत नाहीत?" आधीच घालत नाहीत, मी म्हटलं. सहा रात्री कोलमारच्या ठरल्या. शेवटच्या दोन बोनला, भावाच्या हट्टापायी.