मंदीत नगरसेवक कसा हवा: किट वाटणारा की अर्जामागे लागणारा?

भोसरी, चाकण, पिंपरी या पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मंदी आधी पाळीवर दिसते. तीन पाळ्यांच्या दोन होतात, ओव्हरटाइम बंद होतो, मग 'ब्लॉक क्लोजर'ची, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवण्याची, नोटीस लागते. 2019 मध्ये गाड्यांची विक्री घसरली तेव्हा हेच झालं. मोठ्या कंपनीने काही दिवस उत्पादन थांबवलं की तिला सुटे भाग देणाऱ्या लहान वर्कशॉपचं जॉबवर्क आटतं आणि तिथे कामावरून आधी कमी होतो तो कंत्राटी कामगार. त्या तडाख्यातून लोक सावरतात न सावरतात तोच मार्च 2020 चा लॉकडाउन आला.

पगार थांबला की माणूस नगरसेवकाचं दार गाठतो. आमदार-खासदारांपेक्षा तो जवळचा, चौकात भेटणारा, नावाने हाक मारणारा. या दारांमागे साधारण दोन तऱ्हांची माणसं भेटतात. एक स्वतः उभा राहून मदत वाटतो. दुसरा लोकांचं सरकारकडचं येणं मिळवून देण्यासाठी कार्यालयांच्या मागे लागतो. मत देताना, किंवा आज कोणाकडे जायचं हे ठरवताना, या दोघांची तुलना करायलाच हवी.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. नगरसेवकाच्या हातात नोकरी नसते, रेशनचं धान्य नसतं, कोणाच्या खात्यात पैसे टाकायचा अधिकार नसतो. त्याच्या सूचनेवरून अंदाजपत्रकात पडणारा पैसा रस्ता, गटार, पेव्हिंग ब्लॉक अशा कामांचा असतो. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधीही कामांसाठीच. खासदारांचा निधी तर एप्रिल 2020 मध्ये केंद्राने थांबवला होता आणि तो पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2021 उजाडला. म्हणजे ऐन अडचणीत या पैशातून कोणाची चूल पेटणार नव्हती.

वाटणारा

याला कमी लेखणं मला मान्य नाही. एप्रिल 2020 मध्ये चाकण-भोसरीच्या चाळींत परराज्यांतली आणि मराठवाडा-विदर्भातली हजारो माणसं अडकली होती. अनेकांची रेशनकार्डं गावाकडे होती. त्या आठवड्यात तांदूळ, डाळ, तेल, मीठ-मसाल्याची पिशवी घेऊन जो दारात आला, त्याने लोकांना उपाशी झोपू दिलं नाही. सामूहिक स्वयंपाक झाले, औषधं पोचली, रात्री दोन वाजता फोन उचलले गेले. अर्ज, पडताळणी, मंजुरी या वाटेने त्या दिवशी काहीही पोचलं नसतं. पहिल्या पंधरा दिवसांत वेगच महत्त्वाचा, आणि त्यात हा माणूस पुढे असतो.

अडचण सोळाव्या दिवशी सुरू होते. किट संपतं, भाडं थकलेलंच असतं. दुसरी अडचण यादीची. किटची यादी बहुतेकदा मंडळाचे कार्यकर्ते करतात आणि ओळखीची घरं त्यांना आधी आठवतात. ज्याचं इथल्या मतदार यादीत नाव नाही असा भाडेकरू मागे राहतो, आणि मंदीत सर्वांत आधी उघड्यावर पडतो तोही तोच. तिसरी गोष्ट पैशाची. नगरसेवकाच्या मानधनातून शेकडो घरांना महिनाभर धान्य पुरवता येत नाही. मग तो पैसा कोणी दिला आणि पुढे त्याची परतफेड कशी होणार, हे विचारायचा मतदाराला हक्क आहे.

वाटलेली वस्तू कोणाची आहे हेही बघा. बांधकाम कामगारांना मिळणारा भांड्यांचा संच कल्याणकारी मंडळाचा असतो. मंडळाकडे हा पैसा बांधकामांवरच्या 1 टक्का उपकरातून येतो. फोटोत तो कोणाच्याही हातून दिला जात असला तरी तो कामगाराच्याच हक्काचा आहे.

मागे लागणारा

याचं काम डोळ्यांत भरत नाही, म्हणून जरा जवळून पाहू. समजा, एक भाजीवाली आहे. जून 2020 मध्ये फेरीवाल्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज तेव्हा 10,000 रुपयांचं. पण महापालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात तिचं नावच नाही. अशा विक्रेत्यांसाठी महापालिकेच्या शिफारसपत्राची सोय होती. ते मिळवायचं तर अर्ज, जागेची खात्री आणि क्षेत्रीय कार्यालयाची सही लागणार. आधारवर नाव माहेरचं, बँकेत सासरचं. मोबाइल नंबर मुलाचा, आणि तो कधीच बंद पडलेला. यातल्या प्रत्येक गाठीपाशी अर्ज अडतो. चांगल्या संपर्क कार्यालयात एक कार्यकर्ता टेबलाशी बसतो, आधार दुरुस्तीला कुठे जायचं ते सांगतो, पोचपावतीचा नंबर वहीत उतरवतो आणि आठ दिवसांनी स्वतः क्षेत्रीय कार्यालयात जाऊन त्या नंबरचं काय झालं ते विचारतो. पाठपुरावा म्हणतात तो एवढाच, आणि तोच सर्वांत कमी ठिकाणी होतो.

रेशनचं उदाहरण याहून बोलकं आहे. एकाच मजल्यावर दोन केशरी कार्डं. एक अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीतलं, दुसरं त्याबाहेरचं. एप्रिल 2020 पासून पहिल्या घराला नेहमीच्या धान्यावर माणशी 5 किलो मोफत मिळू लागलं. दुसऱ्या घराला मे-जूनमध्ये गहू 8 रुपये आणि तांदूळ 12 रुपये किलोने. शहरात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये. कंपनीत महिना 15,000 कमावणारा त्यात बसत नव्हता. नोकरी गेल्यावर घरात पैसा येईना, पण यादीत त्याचं घर जुन्या पगारावरच बसलेलं. नाव घालायला रेशनच्या परिमंडळ कार्यालयात गेलं की 'इष्टांक शिल्लक नाही', म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा भरला, हे उत्तर ठरलेलं. मागे लागणारा नगरसेवक इथे नियम मोडू शकत नाही. मात्र प्रभागातल्या गरजू घरांचे अर्ज एकत्र देऊन पोच घेता येते, आणि मृत किंवा स्थलांतरित नावं वगळून जागा मोकळी करा म्हणून लेखी मागणी लावून धरता येते. असं करणाऱ्याच्या प्रभागात काही घरांना वर्षानुवर्षं धान्य मिळतं. किटशी त्याची बरोबरी होणार नाही.

नोकरी गेलेल्या कामगाराचंही असंच. ईएसआयची (कामगार राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये आली, नोकरी गेलेल्याला काही दिवस भत्ता देणारी. 2020 मध्ये तिचा भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाला, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. पण कंत्राटदाराने हप्ता पगारातून कापला आणि भरलाच नाही, तर दावा तिथेच अडकतो. यात नगरसेवकाची ताकद कमी, कामगार संघटनेची जास्त. तरी योजनेचं नाव सांगून योग्य कार्यालयात पाठवणारा माणूस मिळाला तर अर्धी धावपळ वाचते.

यातही उणिवा आहेत. वेळ लागतो, कधी नकारच येतो. आणि ज्याला आज संध्याकाळी पीठ हवंय त्याच्या हातात पोचपावती ठेवणं हा निर्दयपणा आहे.

माझा कौल कशावर

13 एप्रिल 2021 ला राज्य सरकारने निर्बंधांबरोबर मदत जाहीर केली. फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी 1,500 रुपये. अट एकच, नोंद आधीपासून असायला हवी. ज्या बांधकाम मजुराने नोंदणीसाठी लागणारा 90 दिवस काम केल्याचा दाखला कधी मिळवलाच नव्हता, त्याच्यासाठी ही घोषणा नुसती बातमी होती. संकटातली सरकारी मदत आधीच्या याद्यांवरून वाटली जाते, आणि त्या याद्या बऱ्या दिवसांत भरतात. म्हणून मी मागे लागणाऱ्याच्या बाजूने आहे. बरे दिवस असताना त्याने तुमची नोंद करून घेतली नसेल, तर मंदीत त्यालाही फारसं काही करता येत नाही.

मोर्चा काढणारे हा तिसरा प्रकार. त्यांची गरज वेगळी आणि खरी आहे. गोरेगावच्या मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या, पाण्यासाठी लढल्या, आणि 1972 च्या महागाईत अहिल्या रांगणेकरांसारख्या सहकाऱ्यांबरोबर बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवलं. जिथे नियमच अन्यायाचा आहे तिथे अर्ज पुरत नाहीत. इष्टांक वाढवून घ्यायचा असेल तर हाच मार्ग.

पिंपरी-चिंचवडकरांना पारख करायची एक संधी आपोआप मिळाली होती. फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार चालला. पद नसताना कोणाचं संपर्क कार्यालय उघडं राहिलं, कोणाच्या टेबलावर अर्ज घेतले जात होते, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. जाहीरनाम्याआधी ते आठवा.

प्रभाग चार सदस्यांचा असेल तर मतंही चार असतात, आणि चारही एका पॅनेलला द्यायचं बंधन नाही. माझं मत विचाराल तर निदान दोन जागा मागे लागणाऱ्यांना द्या. अडीअडचणीला धावून येणारा एक असू द्या. प्रचाराला येतील तेव्हा विचारा: किती फेरीवाल्यांना शिफारसपत्रं मिळवून दिलीत, किती बांधकाम कामगारांच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलंत, भाडेकरूंचे किती अर्ज घेतलेत? उत्तर टाळलं तर कार्यालयातली वही बघायला मागा. आणि निवडणूक लांब असेल तर तोवर आपला ईएसआयचा हप्ता खरंच भरला जातोय का, रेशनकार्ड प्राधान्य यादीत आहे का, बँक खात्याला आधार जोडलंय का, एवढं याच महिन्यात तपासून घ्या.