पाच कप्प्यांचं पुस्तकांचं कपाट: काही महिने भरून वापरल्यानंतर

कपाट 180 सेंमी उंच, 80 सेंमी रुंद, 28 सेंमी खोल. 18 मिमीचा पार्टिकल बोर्ड, मागे 3 मिमीचा हार्डबोर्ड, सुटे भाग घरी जोडायचे. काही महिने पूर्ण भरून वापरल्यानंतरचं मत असं: सांगाडा चांगला आहे, फळ्या मध्यम आहेत आणि भिंतीला न बांधता ते वापरण्यासारखं नाही.

आधी फळ्या. मध्यम जाडीची पुस्तकं दाटीने लावली की एक मीटरवर साधारण 25 किलो भार येतो, जाड संदर्भग्रंथ असतील तर जास्तच. 80 सेंमीची फळी या भाराखाली पहिल्याच आठवड्यात मध्यभागी चारेक मिमी लवते. नंतर हळूहळू लवतच जाते, कारण सततच्या वजनाखाली पार्टिकल बोर्ड सैलावतो आणि हा बाक दीर्घकाळात दुप्पट-तिप्पट होतो. फळीच्या पुढच्या कडेला दोरा ताणून धरला की फरक लगेच दिसतो. कपाट निवडताना बहुतेकांचं लक्ष रंगाकडे आणि जाडीकडे जातं, पण खरा हिशोब लांबीचा आहे. सारखा भार पसरलेला असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तीच फळी 80 ऐवजी 60 सेंमीची असती तर बाक एक तृतीयांशाहूनही कमी झाला असता. जाडी 18 वरून 25 मिमी केली तरी जवळपास तेवढाच फायदा मिळतो, पण वजन वाढतं. 60-65 सेंमी रुंदीची दोन कपाटं शेजारी ठेवणं हे एका रुंद कपाटापेक्षा केव्हाही चांगलं.

रुंद कपाट आधीच घेतलेलं असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली 18 मिमी जाड आणि 40 मिमी उंच लाकडी पट्टी उभी लावा. पट्टीला गोंद लावून वरून, फळीतून, 40 मिमीचे स्क्रू द्या. स्क्रूची डोकी पुस्तकांखाली झाकली जातात. बाक लक्षणीय थांबतो. सुटी फळी असेल तर अधूनमधून उलटी करून बसवणंही उपयोगी पडतं.

मागचा हार्डबोर्ड पातळ म्हणून कमी लेखू नका. कपाट डावी-उजवीकडे तिरपं न होण्याची जबाबदारी मुख्यतः त्याचीच. तो ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे करा. कपाट काटकोनात नसताना चुका (बारीक खिळे) मारल्या तर ते तसंच वाकडं राहतं. चुका सुमारे 10 सेंमीवर हव्यात, आणि मधल्या पक्क्या फळीलाही हव्यात. या कपाटात मधली फळी कॅम लॉकने, म्हणजे फिरवून आवळायच्या जोडणीने, पक्की होते. ती नसती तर दोन्ही बाजू बाहेर फाकल्या असत्या आणि सुट्या फळ्या ज्यांवर टेकतात त्या पिना सुटल्या असत्या. प्लॅस्टिकच्या पिना मात्र बदलाच. धातूच्या 5 मिमीच्या घ्या.

आता भिंतीचं बघू. रिकामं कपाट 30 किलोचं धरलं आणि त्याचं वजन खोलीच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून 14 सेंमीवर मानलं, तर 150 सेंमी उंचीवर तीन किलोपेक्षाही कमी ओढीने ते पुढे कलतं. लहान मूल कप्प्यावर चढलं किंवा मोठ्या माणसाने वरच्या कप्प्याला धरून तोल सावरला, तरी एवढी ओढ सहज लागते. भरलेलं कपाट सुरक्षित वाटतं, पण जड पुस्तकं वर असतील आणि जमीन पुढे उतरती असेल तर धोका राहतोच. जड ग्रंथ खाली, हलकी पुस्तकं वर, आणि पुढच्या पायांखाली 3-4 मिमीची पाचर. कपाट किंचित मागे झुकलेलं बरं.

कपाट भिंतीला बांधायच्या, पेटीत आलेल्या एल पट्ट्या ठीक आहेत, पण सोबतची आखूड गिट्टी (भिंतीच्या भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लग) फेकून द्यावी अशी आहे. भिंतीवर 15-20 मिमी गिलावा असतो आणि आखूड गिट्टी त्यातच फुगते. धक्का बसला की ढेपूळ घेऊन बाहेर येते. गिट्टी पूर्णपणे विटेत बसली पाहिजे. 40 मिमीच्या गिट्टीसाठी 8 मिमीच्या बिटने 60-65 मिमी खोल भोक पाडा. बिटवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा. गिलाव्यातून जाताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर कडा फुटते. भुरा आधी राखाडी येतो, तो लाल झाला की वीट लागली. भोकातली धूळ फुंकून काढा. राहिली तर गिट्टी पकडत नाही. स्क्रू 5 मिमी जाड आणि 60-70 मिमी लांब हवा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि त्याच्या पातळीत आडवं भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असू शकते. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीची वेगळी गिट्टी लागते आणि तिथे हॅमर वापरायचाच नाही. जिप्सम बोर्ड असेल तर मागची उभी पट्टी शोधून स्क्रू तिच्यातच घ्या.

एल पट्टी वरच्या फळीलाच लावायची, 3 मिमीच्या पाठीला कधीच नाही. 18 मिमीच्या फळीला 16 मिमीचा स्क्रू किंवा आरपार बोल्ट आणि वॉशर. पट्टी अशी बसते की ओढ स्क्रूला आडवी लागते, त्यामुळे तो उपटत नाही. दोन पट्ट्या, दोन्ही टोकांजवळ. खाली स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीपासून 10-12 मिमी दूर राहतं, ती फट वर तेवढ्याच जाडीची लाकडी पट्टी घालून भरा. तसं न करता स्क्रू आवळले तर वरची फळी मागे ओढली जाऊन सांधे उघडतात.

काही महिन्यांनंतर कॅम लॉक एकदा पुन्हा आवळावे लागतात, पहिल्या भाराखाली ते थोडे सैल होतात. खालची कड ओल्या पोछ्यापासून जपा. एकदा फुगलेला पार्टिकल बोर्ड पूर्ववत होत नाही.