४२ दिवसांत सहा भेटी : आशाताईंच्या गृहभेट सेवेचा अनुभव

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन आम्ही घरी पोहोचलो आणि त्याच संध्याकाळी गावच्या आशाताई दारात हजर झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी या सरकारी सेवेत विनामूल्य मिळतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. या सहाही भेटी मी जवळून पाहिल्या, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

ताईंनी बाळाला हात लावण्याआधी घड्याळ आणि बांगड्या काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मी पुढे केलेला टॉवेल नाकारून ते हवेतच वाळू दिले. मग बाळाचे अंगडे वर करून, पोटाची हालचाल पाहत, त्यांनी एक मिनिटभर श्वास मोजले. त्या मिनिटात त्यांनी आम्हा कोणालाही बोलू दिले नाही. काखेत तापमापी झाली, झोळीच्या वजनकाट्यावर वजन झाले, आणि काटा कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात थांबला : २ किलो ३०० ग्रॅम. माझ्या सासूबाईंनी तोवर बाळगुटीची सहाण काढून ठेवली होती आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशींना दुसऱ्या दिवशीचा निरोपही गेला होता. ताईंनी त्यांना रागावून गप्प केले नाही. ‘‘आजी, आधी वजन वाढू द्या, आंघोळ कुठे पळून जात नाही,’’ एवढे म्हणून त्यांनी बाळाला मुलीच्या उघड्या छातीशी धरायला लावले आणि वरून गोधडी पांघरायचे काम सासूबाईंकडेच सोपवले. सहाण पुन्हा फळीवर गेली.

या कामाची घडण गडचिरोलीच्या खेड्यांत झाली आहे, आणि ते ठाऊक असल्याशिवाय सेवेचे गुणदोष नीट कळत नाहीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली, ती संशोधन आणि उपचार दोन्ही लोकांसोबत करायचे असे ठरवून. दवाखानादेखील आदिवासींना विचारून झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. गावच्या दाईंना साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत हे लक्षात आल्यावर दाईंना नालायक न ठरवता मोजण्याचे साधन बदलण्यात आले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. १९९५ पासून ३९ गावांत, त्या त्या गावातील थोड्याफार शिकलेल्या बाईलाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले गेले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला; हा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून हे काम देशभरातील आशांकडे आले.

मात्र गडचिरोलीचे सगळेच आमच्या दारापर्यंत आलेले नाही. तेथील प्रयोगात आरोग्यसेविका जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असत. आमच्या ताई धोक्याची लक्षणे ओळखतात आणि दवाखान्यात पाठवतात. पावसाळ्यात रात्री गाडी न मिळणाऱ्या गावात हा फरक लहान नाही.

माझी खरी तक्रार वजनकाट्याची आहे. चौदाव्या दिवशी बाळाचे वजन सातव्या दिवसापेक्षा कमी भरले आणि घरात रडारड झाली. ताईंनी झोळी काढून पाहिली तेव्हा रिकाम्या काट्याचा बाण शून्याच्या बराच मागे होता. काटाच बिघडला होता. तालुक्यातील एका खासगी दवाखान्यात तेच बाळ २ किलो ५५० ग्रॅम भरले. काटा बिघडल्याचे ताईंनी दोन महिन्यांपूर्वीच वरिष्ठांना लेखी कळवले होते, आणि तरीही त्याच काट्यावरचे आकडे भरून देण्याची मागणी दर महिन्याला न चुकता येत होती. मोजणारीचे म्हणणे ऐकून जिथे मोजण्याचे साधनच बदलले गेले, त्या पद्धतीच्या आजच्या रूपात मोजणारीच्या तक्रारीला उत्तरही मिळू नये, हे मला फार खटकले. केंद्र सरकारच्या मूळ सूचनांनुसार या सगळ्या भेटींचा मोबदला एका बाळामागे २५० रुपये आहे, हेही येथे नोंदवते.

शेवटच्या भेटीत मी ताईंना विचारले, की आपल्या गावात गेल्या वर्षी किती बाळे कमी वजनाची जन्मली. त्या म्हणाल्या, ‘‘भरून मीच देते, पण गावाचा एकत्र आकडा मला कोणी परत सांगत नाही.’’ तो ग्रामसभेत यायला हवा असे मला वाटते.

ज्यांच्या घरी बाळंतपण आहे त्यांनी गरोदरपणातच आशाताईंकडे नाव नोंदवावे, घरी येण्याचा दिवस फोनवर कळवावा आणि सहाही भेटी घेतल्याशिवाय भेटींच्या नोंदीवर सही करू नये. मी या सेवेला पाचपैकी चार गुण देते. पाचवा काट्यापायी गेला. आणि वजन करण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते स्वतः वाकून पाहावे. आमच्या ताईंना त्याचा मुळीच राग आला नाही.